नक्षीचे आणि खडबडीत पोताचे काँक्रीट ब्लॉक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भिंतीला प्लास्टर करायचं नाही, रंग द्यायचा नाही, तरी ती देखणी दिसली पाहिजे, असं मनात आलं की लोक या ब्लॉककडे वळतात. मी बरीच वर्षं हे ब्लॉक पाडून घेतो, बांधकामात लावून घेतो आणि लागलेल्या भिंती पुढे कशा टिकतात तेही पाहत आलो आहे. लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बहुतेक उत्तरं फिरून तिच्यापाशीच येतात. प्लास्टरखाली वाकडा रद्दा (ब्लॉकची आडवी ओळ) लपतो, फुटका कोपरा लपतो, घाईत भरलेला सांधा लपतो. या भिंतीवर काहीच लपत नाही. त्यामुळे जी काळजी एरवी शेवटी घेतली जाते, ती इथे पहिला ब्लॉक ठेवण्याआधी घ्यावी लागते.

साध्या काँक्रीट ब्लॉकपेक्षा हे वेगळे कसे?

माल तोच: सिमेंट, वाळू किंवा कच, बारीक खडी आणि पाणी. फरक दर्शनी बाजूचा. साध्या ब्लॉकचा चेहरा कसा आहे याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं, तो झाकलाच जाणार असतो. इथे दर्शनी बाजू हीच भिंतीची शेवटची बाजू. म्हणून खडीचा रंग, कणांचा आकार, सिमेंटची छटा, कडांची धार या सगळ्याकडे पाडतानाच लक्ष द्यावं लागतं. पोत ब्लॉकच्या अंगचाच असतो, वरून चढवलेला नसतो. तो सोलून निघत नाही आणि पोपडे धरत नाही.

प्रकार कोणकोणते मिळतात?

सर्वांत जास्त मागणी फोडलेल्या तोंडाच्या ब्लॉकला असते. हा कसा तयार होतो ते एकदा प्रत्यक्ष पाहाच. दोन ब्लॉक तोंडाला तोंड लावून एकत्रच पाडलेले असतात. ते पुरेसे पक्के झाले की जोडठोकळा यंत्रात ठेवतात. वरून आणि खालून पोलादी पाती येऊन टेकतात, हायड्रॉलिकचा दाब चढत जातो आणि क्षणभर काहीच होत नाही. मग एकच कोरडा ‘टक’ आवाज येतो आणि ठोकळा उभा दुभंगतो. दोन्ही भाग उलगडले की आत ताजी तुटलेली खडी चमकत असते. काही दाणे मधोमध चिरलेले, काही अख्खे, आणि त्यांच्या शेजारी ते जिथून निसटले ते खळगे. कोणतेही दोन चेहरे सारखे नसतात. त्यामुळे भिंत दगडी बांधकामासारखी जिवंत दिसते.

उभ्या पट्ट्यांचे ब्लॉक येतात. त्यात पट्ट्या साच्यातूनच गुळगुळीत निघतात, किंवा पट्ट्यांचे माथे फोडून खडबडीत केलेले असतात. घासलेल्या तोंडाचे ब्लॉक चक्रीखाली एक-दोन मिलिमीटर घासून काढतात. पृष्ठभाग सपाट होतो आणि खडीचे ठिपके मोझॅक फरशीसारखे उघडे पडतात. वाळूच्या किंवा पोलादी छर्‍यांच्या माऱ्याने वरचा सिमेंटचा पापुद्रा उडवलेले ब्लॉकही असतात, त्यांचा पोत मऊ आणि दाणेदार. नक्षी साच्यातच उमटवलेले ब्लॉक आणि आरपार जाळीचे ब्लॉक हा आणखी वेगळा वर्ग आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

साच्यातही ‘दगडी’ ब्लॉक निघतात. मग फोडलेलेच का घ्यायचे?

साच्यातला दगड प्रत्येक वेळी तोच दगड असतो. अमेरिकेत हार्मन पामर यांनी १९०० साली पोकळ ब्लॉक पाडण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यानंतरच्या वीसेक वर्षांत घडीव दगडाचा ठसा असलेले ब्लॉक तिथे अफाट खपले. हाताने चालवायची यंत्रं तर टपालाच्या कॅटलॉगमधूनही विकली जात. आज त्या घरांसमोर उभं राहिलं की नजर चटकन एका उंचवट्यावर जाते, मग तोच उंचवटा शेजारच्या ब्लॉकवर दिसतो, मग वरच्या रद्द्यात. एकदा ते दिसलं की दुसरं काही दिसत नाही.

तुम्हाला दगडाचाच भास हवा असेल तर फोडलेला ब्लॉक घ्या. साच्याचाच घ्यायचा तर निदान पाच-सहा वेगवेगळे साचे वापरा आणि ब्लॉक अधूनमधून उलटे लावा. मात्र भौमितिक नक्षी असेल तर गोष्ट उलटी होते. तिथे पुनरावृत्ती हाच सौंदर्याचा भाग आहे आणि त्यासाठी साचाच हवा.

साचे आणून साइटवरच ब्लॉक पाडता येतील का?

येतील, पण आधी एक उदाहरण ऐका. फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाने १९२३-२४ च्या सुमारास लॉस अँजेलिस परिसरात नक्षीच्या ब्लॉकची चार घरं बांधली. त्यांतलं सगळ्यांत मोठं एनिस हाउस. त्यात १६ इंची चौरस ब्लॉक, सुमारे २७,००० नग. ब्लॉक जागेवरच साच्यात हाताने ठोकून पाडले. घराचा रंग जमिनीशी जुळावा म्हणून त्याच टेकडीवरचा कुजलेला ग्रॅनाइट काँक्रीटमध्ये मिसळला. ब्लॉकच्या कडांना खोबणी ठेवून तिच्यात पोलादी सळ्या आणि सिमेंट-वाळूचा पातळ मसाला भरून सगळे ब्लॉक कापडासारखे विणले, म्हणून ‘टेक्स्टाइल ब्लॉक’ हे नाव. कल्पना विलक्षण होती आणि घर आजही डोळे दिपवतं. पण त्या मातकट मालामुळे ब्लॉक पुरेसे घट्ट झाले नाहीत. पाणी मुरलं, आतल्या सळ्या गंजल्या. गंजलेलं पोलाद फुगून मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं, त्याने ब्लॉक आतून फोडले. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपाने आणि पुढे २००४-०५ च्या जोरदार पावसाने घराचं मोठं नुकसान केलं आणि दुरुस्तीचं काम वर्षानुवर्षं चाललं.

यावरून मी दोन नियम पाळतो. पहिला, माल धुतलेला आणि मातीमुक्तच हवा. वाळू चिमटीत घेऊन पांढऱ्या कापडावर चोळली आणि कापड तपकिरी झालं, तर ती वाळू या कामाची नाही. दुसरा, पाण्याचं प्रमाण. यंत्रावर पाडायच्या ब्लॉकचा माल जवळजवळ कोरडा असतो. मुठीत दाबला की गोळा होतो, मूठ उघडल्यावर तसाच राहतो आणि तळहात फक्त ओलसर लागतो. गोळा ढासळला तर पाणी कमी, बोटांमधून पाणी आलं तर जास्त. हाताने ठोकून हा माल यंत्राच्या कंपनाइतका घट्ट बसत नाही. म्हणून साइटवर पाडणार असाल तर ओल्या मालाची पद्धत बरी. रबर किंवा फायबरच्या साच्यात ओतायचं, कंपन देऊन हवेचे बुडबुडे काढायचे आणि दुसऱ्या दिवशी साचा सोडवायचा. नक्षीची बारीक रेघही त्यात स्वच्छ उमटते. साच्याला तेल मात्र पातळ पुसून लावा, जास्त तेलाचे डाग चेहऱ्यावर कायमचे राहतात.

पाडल्यावर किमान १४ दिवस ओल टिकवा आणि त्यानंतर ब्लॉक सावलीत, हवा खेळेल असे रचून चार आठवडे वाळू द्या. ही वाळण्याची पायरी लोक घाईत गाळतात आणि त्याची किंमत भिंतीला तड्यांच्या रूपात मोजावी लागते.

चांगला ब्लॉक हाताळून ओळखता येतो का?

बऱ्याच अंशी. दोन ब्लॉक एकमेकांवर हलके आपटा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत भेग आहे किंवा ब्लॉक कच्चा आहे. कडेवर खिळ्याने ओरखडा काढा. भुगा सहज पडला तर परत पाठवा. फोडलेल्या तोंडाकडे नीट पाहा. खडीचे दाणे चिरलेले दिसले पाहिजेत. सगळीकडे अख्खे दाणे आणि रिकामे खळगेच दिसत असतील, तर सिमेंटने खडीला धरलेलं नाही.

नंतर पाण्याची परीक्षा. पूर्ण वाळलेला ब्लॉक वजन करून २४ तास पाण्यात बुडवा, बाहेर काढून पुसा, पुन्हा वजन करा. आयएस २१८५ या भारतीय मानकाच्या पहिल्या भागानुसार सरासरी शोषण वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. ब्लॉक पूर्ण वाळवायला घरी भट्टी नसते, त्यामुळे हा आकडा अंदाजाचाच असेल. पण १५ टक्क्यांचा ब्लॉक यात नक्की पकडला जातो. ताकदीची चाचणी प्रयोगशाळेतच करून घ्या, तिथे अंदाज चालत नाही.

यावर स्लॅबचा भार देता येतो का?

पोकळ किंवा भरीव ब्लॉक त्या ताकदीचे असतील आणि अभियंत्याने तशी रचना केली असेल तर देता येतो. पोकळ ब्लॉकचा मोठा फायदा म्हणजे पोकळ्या एकावर एक येतात, त्यांतून उभ्या सळ्या सोडून काँक्रीट भरता येतं. भूकंपप्रवण भागात हे करावंच लागतं. जाळीच्या ब्लॉकवर आणि पातळ दर्शनी ब्लॉकवर भार कधीही देऊ नका.

माप काय धरायचं? किती ब्लॉक लागतील?

सर्वसाधारण ब्लॉकचं तोंड ३९० × १९० मिमी असतं. त्यात १० मिमीचा सांधा धरला की ४०० × २०० मिमी. म्हणजे एका चौरस मीटरला साडेबारा ब्लॉक. खिडक्या-दारं वजा करा आणि फुटतूट म्हणून पाच-सात टक्के जास्त घ्या. २०० मिमी जाडीचा पोकळ ब्लॉक साधारण १६ ते २० किलो भरतो. वाहतूक आणि माणसांचे हात, दोन्हींचा विचार त्यानुसार करा.

इथेच नकाशाचा प्रश्न येतो. भिंतीची लांबी, खिडकीची रुंदी, उंबऱ्यापासून लिंटेलपर्यंतची (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईपर्यंतची) उंची, हे सगळं २०० मिमीच्या पटीत बसवा. तसं केलं नाही तर प्रत्येक रद्द्याच्या शेवटी चार बोटं रुंदीचा कापलेला तुकडा येतो आणि तो आयुष्यभर डोळ्यांत खुपतो. कोपऱ्यासाठी दोन बाजूंना पोत असलेले ब्लॉक, खिडकीच्या बाजूसाठी बंद टोकाचे, लिंटेलसाठी ‘यू’ आकाराचे, असे वेगळे नग लागतात. मागणी देतानाच ते मोजून सांगा. काम सुरू झाल्यावर मागवलेला कोपरा ब्लॉक दुसऱ्या वेळी कालवलेल्या मालाचा येतो आणि छटेत मार खातो.

लावण्याआधी ब्लॉक भिजवायचे का?

नाही. विटांच्या सवयीने गवंडी पाइप घेऊन उभा राहतो, त्याला थांबवा. भाजलेली वीट मसाल्यातलं पाणी शोषून घेते म्हणून ती भिजवतात. काँक्रीटचा ब्लॉक पाण्याने किंचित फुगतो आणि वाळताना आकसतो. भिजवलेला ब्लॉक भिंतीत गेला की आकसण्याचं काम भिंतीतच होतं आणि सांध्यावर तडा जातो. फार ऊन असेल तर ब्लॉकच्या बसण्याच्या बाजूवर पाण्याचा हलका हात फिरवणं एवढं पुरे. साइटवर आलेले ब्लॉकही जमिनीला टेकवू नका. फळ्यांवर रचा आणि पावसात प्लास्टिकच्या कागदाने झाका.

मसाला कोणत्या प्रमाणाचा घ्यावा?

मसाला ब्लॉकपेक्षा किंचित कमजोर असावा, म्हणजे भिंत हलली तर सांधा थोडं सहन करतो आणि ब्लॉक वाचतो. बिनभाराच्या भिंतीला सिमेंट, चुना आणि वाळू १:१:६ हे माझ्या आवडीचं प्रमाण. चुन्यामुळे मसाला लोण्यासारखा पसरतो आणि पाणी धरून ठेवतो. निव्वळ सिमेंटचा करायचा असेल तर १:६. भारवाही भिंतीला अभियंता सांगेल तेच प्रमाण.

ब्लॉकच्या तोंडावर मसाल्याचे डाग पडतात. काय करावं?

या एका गोष्टीवर मी सगळ्यांत जास्त बोलतो. माझ्या सुरुवातीच्या कामांत फोडलेल्या तोंडाची एक लांब भिंत होती. गवंडी नेटका होता. प्रत्येक थेंब पडला की तो ओल्या फडक्याने लगेच पुसायचा. मला ते पाहून समाधान वाटायचं. भिंत वाळली आणि खडीच्या काळ्या दाण्यांवर राखाडी धुकं पसरल्यासारखं दिसू लागलं. फडक्याने मसाला निघाला नव्हता, पातळ होऊन सगळ्या खळग्यांत शिरला होता. आम्ही ब्रशने घासलं, सौम्य ॲसिड लावून पाहिलं, पण मूळ रंग काही परत आला नाही. ती भिंत आजही तशीच आहे.

तेव्हापासूनची पद्धत अशी. खडबडीत तोंडावर मसाला पडला तर हात लावायचा नाही. तो घट्ट होऊ द्यायचा. अंगठ्याने दाबल्यावर ठसा जेमतेम उमटेल इतका आवळला की थापीच्या टोकाने खालून वर अलगद उचलायचा, खपली निघावी तसा अख्खा निघतो. राहिलेले कण दुसऱ्या दिवशी त्याच ब्लॉकच्या तुकड्याने कोरडेच घासायचे. मसाला पसरताना तो दर्शनी कडेपासून थोडा आत ठेवला तर बाहेर ओघळतच नाही. पायाड (गवंड्याला उभं राहायची परांची) भिंतीपासून जरा दूर बांधा, पायाडाची भिंतीलगतची फळी रात्री उभी करून ठेवा, नाहीतर पावसाचे थेंब फळीवरचा मसाला भिंतीवर उडवतात. आणि दिवसाचं काम संपलं की भिंतीचा माथा झाकल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही.

पावसाचं पाणी आत येतं का?

येऊ शकतं. फोडलेल्या तोंडाला सिमेंटचा गुळगुळीत पापुद्रा नसतो, बारीक छिद्रं उघडीच असतात. शिवाय खळग्यांत पाणी रेंगाळतं. पण माझ्या अनुभवात पाणी ब्लॉकमधून कमी आणि सांध्यांतून, माथ्यावरून, खिडकीच्या कडेने जास्त येतं. म्हणून उपाय त्याच क्रमाने करा.

आधी भिंतीचा माथा. त्यावर दोन्ही बाजूंना पुढे आलेली टोपी बसवा आणि टोपीच्या खालच्या अंगाला पाणी ठिबकून पडेल अशी खाच ठेवा. खाच नसेल तर पाणी टोपीच्या पोटाला चिकटत परत भिंतीवर येतं. खिडकीच्या उंबऱ्यालाही हेच लागू. मग सांधा. उभा सांधाही पूर्ण भरलेला हवा, नुसता दर्शनी कडेला मसाला लावून भागत नाही. दरजा, म्हणजे सांध्याचं बाहेरचं तोंड, भरताना गोल सळईसारख्या अवजाराने दाबून आत वळवलेला सांधा करा. दाबल्याने मसाला घट्ट होतो आणि पाणी ओघळून जातं. खोल खरवडलेला सांधा सावलीमुळे सुंदर दिसतो खरा, पण प्रत्येक ब्लॉकच्या माथ्यावर पाण्याला बसायला ओटा तयार होतो. पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला तो मी करू देत नाही, कोणी कितीही आग्रह धरला तरी.

पाणी थोडं आत जाणारच असं धरून पोकळ भिंतीच्या तळाशी पाणी बाहेर काढणारी पट्टी आणि तिच्यावर निचऱ्याची बारीक छिद्रं ठेवा. ती मसाल्याने बुजू देऊ नका. ब्लॉक पाडतानाच मालात जलरोधक मिसळता येतं. तसं केलं असेल तर मसाल्यातही त्याच जातीचं जलरोधक घाला, नाहीतर सांध्याचं आणि ब्लॉकचं नीट जुळत नाही. सगळ्यांत शेवटी बाहेरून सिलेन-सिलॉक्सेन जातीचा द्रव मारा. तो छिद्रांच्या भिंतींना पाणी नकोसं करतो, पण छिद्रं बुजवत नाही, त्यामुळे आतली वाफ बाहेर पडते. चकचकीत थर धरणारं वार्निश लावलंत तर ओल आत अडकते आणि काही काळाने थरच पांढरा होऊन सुटतो. हा द्रव कायमचा नसतो, काही वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. भिंतीवर पेलाभर पाणी फेकून पाहा. थेंब घरंगळले तर तो शाबूत आहे, भिंत काळवंडली तर वेळ झाली.

भिंतीवर पांढरी पावडर येते. ब्लॉक खराब आहेत का?

बहुधा नाही. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि पांढरा दिसतो. सोडियम-पोटॅशियमचे क्षारही असेच येतात. यालाच लोणा लागणं किंवा खार फुटणं म्हणतात. नव्या भिंतीवर पहिल्या काही महिन्यांत येणारा खार कोरड्या ब्रशने झाडून टाका. कोरड्याच, कारण पाणी मारलं की क्षार विरघळून परत आत जातात आणि पुन्हा येतात. हळूहळू तो थांबतो.

दोन-तीन वर्षांनीही एकाच जागी खार येत राहिला तर मात्र ती खूण समजा. तिथे कुठून तरी पाणी येतं आहे. आधी ती वाट शोधून बंद करा, मग खाराकडे पाहा. ॲसिडने धुण्याची घाई नको. रंगीत ब्लॉकवर तर मुळीच नको, ॲसिड सिमेंट खातं आणि रंग उघडा-फिका पडतो.

रंगीत ब्लॉकचा रंग टिकतो का?

रंगद्रव्यावर अवलंबून आहे. आयर्न ऑक्साइडचा लाल, पिवळा, तपकिरी आणि काळा उन्हात वर्षानुवर्षं टिकतो. क्रोमियम ऑक्साइडचा हिरवाही टिकतो. काजळीचा काळा सुरुवातीला गडद दिसतो, पण त्याचे कण फार बारीक असल्याने पावसाने धुपून जातो. प्रमाण साधारण सिमेंटच्या वजनाच्या तीन ते पाच टक्के. दहा टक्क्यांच्या पुढे घालून रंग वाढत नाही, ब्लॉक मात्र कमजोर होतो. फिका, स्वच्छ रंग हवा असेल तर पांढरं सिमेंट लागतं.

खरं सांगायचं तर माझा कल खडीच्या रंगाकडे आहे. फोडलेल्या किंवा घासलेल्या ब्लॉकमध्ये काळी, तांबूस किंवा पांढरी खडी स्वतःच बोलते आणि ती फिकी पडत नाही.

छटेत थोडा फरक राहणारच, कारण पाणी थोडं इकडेतिकडे झालं तरी रंग बदलतो. लावताना एकाच थप्पीतून ब्लॉक संपवत जाऊ नका. तीन-चार थप्प्या एकदम उघडा आणि आळीपाळीने घ्या, म्हणजे फरक भिंतभर विखुरतो आणि पट्टा दिसत नाही.

तडे टाळायचे कसे?

वाळलेले ब्लॉक वापरून, आणि भिंतीला हलायला जागा ठेवून. लांब भिंतीत ठरावीक अंतरावर वरपासून खालपर्यंत उभा सांधा मोकळा ठेवून तो लवचीक सीलंटने भरतात. अंतर साधारण साडेसात मीटर किंवा भिंतीच्या उंचीच्या दीडपट, यांतलं जे कमी असेल ते. म्हणजे तीन मीटर उंच भिंतीला साडेचार मीटरवर. हा सांधा खिडकीच्या कडेला किंवा खांबाशेजारी घेतला तर डोळ्यांना टोचत नाही. शिवाय दर दोन-तीन रद्द्यांनंतर आडव्या सांध्यात तारेची शिडी टाका. सगळे उभे सांधे एका रेषेत ठेवणारी रचना करणार असाल तर ती टाकायलाच हवी, कारण तिथे ब्लॉक एकमेकांवर साखळीसारखे अडकत नाहीत.

जाळीच्या ब्लॉकबद्दल थोडं सांगाल?

ऊन अडवून वारा आत घेणारी यापेक्षा चांगली भिंत मला माहीत नाही. जिना, व्हरांडा, धुण्याची मोरी, वाहनतळ, अशा जागी ती चपखल बसते. जाळीची खोली जितकी जास्त तितकं वरून येणारं तिरपं ऊन जास्त कापलं जातं, म्हणून पातळ जाळी घेऊन पैसे वाचवू नका. ब्लॉकची एकमेकांना टेकण्याची जागा कमी असते, त्यामुळे सांध्यांत सळई घाला आणि चारी बाजूंनी काँक्रीटची चौकट द्या. उंच मजल्यावर वाऱ्याच्या दाबाचा हिशेब अभियंत्याकडून करून घ्या. नक्षी निवडताना धूळ कुठे बसेल आणि लहान मूल कुठे पाय ठेवून चढेल, हेही पाहा.

अशा भिंतीने घर थंड राहतं का? आवाज कमी होतो का?

पोत उष्णता रोखत नाही. खोल उभ्या पट्ट्या स्वतःवरच सावली पाडतात तेवढा थोडा फरक पडतो. खरी रोधकता हवी तर दुहेरी भिंत बांधून मधे रोधक थर द्या. बाहेरचा आवाज अडवतं ते भिंतीचं वजन, आणि ते या ब्लॉकला भरपूर आहे. खोलीतला घुमणारा आवाज कमी करायचा असेल तर दर्शनी बाजूला अरुंद फट आणि मागे पोकळी असलेले खास ध्वनिशोषक ब्लॉक असतात. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर आतली हवा जशी गुंजते, तशीच त्या पोकळीतली हवा कंप पावते आणि खालच्या पट्टीचा आवाज जिरवते. सभागृह, यंत्रघर, बंदिस्त क्रीडागृह इथे ते उपयोगी पडतात.

घराच्या आत लावले तर?

एखादी भिंत जरूर लावा, पण जाण्यायेण्याच्या अरुंद वाटेत फोडलेल्या तोंडाचा ब्लॉक नको. कोपरं सोलवटतात, मुलांना लागतं. तिथे घासलेल्या तोंडाचा घ्या. दिवा भिंतीच्या अगदी जवळ, वरून खाली प्रकाश टाकणारा लावला की प्रत्येक दाण्याची सावली पडते आणि पोत उठून दिसतो. तोच दिवा ओळंब्यातली चूकही तितक्याच स्पष्टपणे दाखवतो. तेव्हा दिवा कुठे येणार ते गवंड्याला आधीच सांगा आणि ती भिंत त्याच्या सगळ्यांत चांगल्या हाताने बांधून घ्या.

वायरिंग आणि नळ कसे घ्यायचे?

आधी ठरवून, ब्लॉकच्या पोकळीतून. नंतर खाच मारून बुजवता येत नाही, कारण बुजवलेलं दिसतंच. बटणाच्या पेट्यांच्या जागा ब्लॉकच्या सांध्याशी जुळवून नकाशात दाखवा आणि ती भोकं ब्लॉक जमिनीवर असतानाच कापून घ्या.

कापताना उडणारी धूळ कितपत गंभीर आहे?

फार गंभीर. काँक्रीटच्या धुळीत स्फटिकी सिलिका असते. ती फुप्फुसात खोलवर जाऊन बसते आणि त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. पाण्याची धार सोडूनच कापा, नाकातोंडावर घट्ट बसणारा एन ९५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा मास्क आणि डोळ्यांना चष्मा द्या. कापणारा माणूस तुमचा नसला तरी मास्क तुम्ही आणून द्या.

जुन्या भिंतीवर हा पोत मिळवता येईल का?

पूर्ण ब्लॉक नाही, पण त्याच पोताचे दोन ते पाच सेंटीमीटर जाडीचे पातळ तुकडे मिळतात. खालचं प्लास्टर आपटून पाहा. पोकळ वाजत असेल तर काढून टाका. जाड तुकडे नुसते चिकटवू नका, धातूच्या पकडीने भिंतीला बांधा आणि खाली आधाराचा कोन द्या.

पुढे कधी रंग द्यावासा वाटला तर?

देता येईल, पण एकदा दिलेला रंग खळग्यांतून परत काढता येत नाही. विचार करूनच हात घाला.

शेवाळ आणि धूळ कशी काढायची?

मऊ ब्रश, साधं पाणी आणि सौम्य साबण. अतिदाबाच्या पाण्याचा फवारा जवळून मारू नका, तो सांध्यातला मसाला उडवतो. शेवाळ परत परत येत असेल तर भिंतीवर ओल राहते आहे. वरची गळकी पन्हळ किंवा भिंतीला लागलेली झुडपं आधी पाहा.

काम सुरू करण्याआधी एकच गोष्ट करायची असेल तर कोणती?

नमुन्याची भिंत. साधारण सव्वा मीटर लांब आणि तितकीच उंच, जे ब्लॉक येणार आहेत त्यांचीच, जो गवंडी काम करणार आहे त्याच्याच हातची. त्यात एक कोपरा आणि दोन-तीन प्रकारचे सांधे असू द्या. ती सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी पाहा, पाणी मारून ओलीही पाहा. मसाल्याची छटा चेहरा किती बदलते ते तिथेच कळतं. पसंत पडली की काम संपेपर्यंत ती पाडू नका. वाद झाला तर दोघांनी जाऊन तिच्यासमोर उभं राहायचं.

काम झाल्यावर उरलेल्या ब्लॉकचं काय करायचं?

पंधरा-वीस नग ठेवून द्या, कोपऱ्याचे दोन-तीन धरून. मात्र ते गोदामात झाकून ठेवू नका. घरामागे, त्याच उन्हापावसात उघड्यावर रचा. दहा वर्षांनी एखाद्या गाडीचा धक्का लागून ब्लॉक बदलायची वेळ आली, तर झाकून ठेवलेला ब्लॉक भिंतीत नवा कोरा दिसेल. उघड्यावरचा भिंतीइतकाच उन्हाळलेला असेल, आणि कोणता बदलला ते तुम्हालाही शोधावं लागेल.